ज्यूसरच्या कागदावर तिसरी सही

इंदूर (बडा गणपतीच्या मागचं घर, पत्ता बदललेला नाही)
ता. ९ मार्च

तीर्थस्वरूप दादास,

धम्मदीनाचा सविनय जयभीम. वहिनीला जयभीम, स्वानंदीला भरपूर आशीर्वाद. तिघं खुशाल असाल असं धरून चालते, कारण तुझ्या मेसेजमध्ये हल्ली अंगठ्याशिवाय काही येत नाही, आणि अंगठा काय, तापानं फणफणलेला माणूससुद्धा दाखवू शकतो. पत्र बघून घाबरू नकोस, बाबा आहेत. (हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायचं होतं. पण जयभीम न घालता सुरुवात केली असती तर तू त्यावरूनच घाबरला असतास.) फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर बाबांचा विषय निघाला की नेमकी तुझ्याकडे कुणीतरी दाराची बेल वाजवतं. सहा वर्षांत तुझ्या दाराशी इतकी माणसं आली की नागपुरात तू नगरसेवक झालास की काय, असं आमचे ज्ञानदीप विचारत होते. म्हणून लेखी.

काम एकच आहे. घरी वापरायला ज्यूसर कोणता घ्यावा? तू मशीनवाला माणूस, आख्खी नोकरी पंपांच्या कारखान्यात काढलीस, आणि ज्यूसर म्हणजे तरी काय, फळाला लावलेला पंपच. बस, नाव एका ओळीत लिहून पाठव. बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल. (वाच.)

झालं असं की जानेवारीत बाबांच्या छातीत कफ भरला आणि आठ दिवस दवाखान्यात काढले. हे तुला तेव्हा सांगितलं होतं. तू 'बरं' म्हणालास आणि लगेच तुझ्या दाराची बेल वाजली. घरी आले ते कफ तिकडे ठेवून, पण भूकही तिकडेच ठेवून. गाल बसले, त्यामुळे कवळी सैल झाली, ती लावली की हिरड्या दुखतात, काढली की पोळी चावता येत नाही. पोह्यांवर शेव कमी पडली म्हणून बशी परत पाठवणारा माणूस आता पोह्यांकडे नुसता बघतो आणि म्हणतो, ज्ञानदीपला दे. चोपन्न किलोचे अठ्ठेचाळीस झाले. डॉक्टर नीरजाबाई म्हणाल्या, पेज द्या, सूप द्या, मोसंबीचा रस द्या, पण घरचा, ठेल्यावरचा नको. आणि बाबांना दम भरला की चौदा एप्रिलला जयंतीसाठी महूला जायचं असेल तर अंगात ताकद आणा. सत्तावन्न वर्षांत बाबांची चौदा एप्रिलची महू एकदाही चुकलेली नाही. यावेळी ते म्हणाले, 'बघू.' दादा, मी बाबांच्या तोंडून 'बघू' पहिल्यांदा ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी बँकेतून अर्धी सुट्टी टाकून ज्यूसर बघायला निघाले.

आमच्या पलासियाच्या शाखेसमोर उदयसिंह म्हणून एकांचं घरगुती मशिनांचं दुकान आहे. समोर म्हणजे रस्ता ओलांडून, आणि तो रस्ता ओलांडायला मला अकरा मिनिटं लागली. मी समजत होते ज्यूसर म्हणजे ज्यूसर. तर नाही. एक असतो गरगर फिरणारा, तो फळ जाळीवर आपटून रस काढतो, काम झटपट, पण फेस फार. एक असतो स्लो, तो फळाला हळूहळू चेपत नेतो, रस जास्त, आवाज कमी, किंमत तुझ्या पहिल्या स्कूटरएवढी आणि धुवायला आठ पार्ट. एक नुसता मोसंबी-संत्र्याचा, वर फिरता घुमट, त्यावर अर्धं फळ दाबून धरायचं. पाऊण तास ऐकून घेऊन मी विचारलं, भिया, यातला चांगला कोणता? तर ते म्हणाले, 'दीदी, पहले ये बताओ कि पिएगा कौन.' मी म्हटलं, बाबूजी. 'तो बाबूजी से पूछो ना, मेरे से क्या पूछ रहे हो,' म्हणाले, आणि तिन्ही मशिनं ट्रायलवर घरी न्यायला दिली. (असा दुकानदार इंदुरातच सापडेल. तुमच्याकडे आधी आधार कार्ड मागतील.) ज्ञानदीपनी स्कूटरवर दोन फेऱ्या मारल्या, आणि मी घरी येऊन उदयसिंहांचं ऐकलं, म्हणजे बाबांना विचारलं. हीच चूक झाली.

स्वानंदी हे मोठ्यानं वाचत असणार (तुझा चष्मा नेहमीप्रमाणे सापडत नसेल), तर पुढचं थोडं तिच्यासाठी. बेटा, तुझे आजोबा धोंडिबा महूच्या छावणीत बावीस वर्षं स्टोअर हवालदार होते. फौजेत कुठलीही वस्तू एकट्याच्या मर्जीनं घेता येत नाही आणि एकट्याच्या मर्जीनं फेकताही येत नाही. तीन जणांचं बोर्ड बसतं, वस्तू तपासतं, कागदावर तिघांच्या सह्या होतात, मगच वस्तू पास किंवा कंडम. आजोबा रिटायर झाले, बोर्ड काही रिटायर झालं नाही. आमच्या घरी फ्रिज बोर्डानं पास केला, तुझ्या पप्पांची सायकल बोर्डानं कंडम केली (रडले होते, विचार त्यांना), आणि तुझे फुफाजी ज्ञानदीपसुद्धा बोर्डापुढे बसलेले आहेत. त्यांच्या कागदावर 'एक साल के ट्रायल पर ठीक' असा शेरा आहे आणि खाली तुझ्या पप्पांची सही. अठ्ठावीस वर्षं झाली, ट्रायल संपल्याचा कागद निघालेला नाही, आणि हे फुफाजी दर भांडणात काढतात. बोर्डाचे अध्यक्ष आजोबा, मेंबर दोन, तुझे पप्पा आणि मी. तुझी आजी मंजुळा मेंबर नव्हती. ती वस्तू आधी वापरून बघायची आणि मग बोर्डाला सांगायची की करा पास.

आता तुझ्यासाठी, दादा. ते बोर्ड सहा वर्षं बसलेलं नाही, आणि का ते तुला माहीत आहे, पण मी लिहितेच, कारण आपल्या घरात हे कुणी बोलतच नाही. आई जाऊन महिना झाला होता. तू स्वयंपाकघर आवरलंस आणि तिचं ते दांडा दाबायचं ॲल्युमिनियमचं मोसंबीयंत्र कबाड्याला देऊन टाकलंस. ना बोर्ड, ना सही. बाबा पाहुण्यांसमोर म्हणाले, आईला कंडम करायला निघालास का. तू जेवण अर्धं टाकून बॅग भरलीस, आणि तेव्हापासून फक्त दर हिवाळ्यात संत्र्यांची पेटी येते, नागपूरच्या गाडीनं, कुणा ना कुणाच्या हाती. तुला ते यंत्र ओट्यावर बघवत नव्हतं आणि बाबांना ते बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. मला दोन्ही दिसत होतं आणि मी आत चहा गाळत उभी होते. तेव्हा बाहेर येऊन बोलले असते तर बरं झालं असतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

असो. ज्यूसर. मी विचारलं, बाबा, यातला कोणता ठेवू? दोन महिन्यांत पहिल्यांदा ते आपलेआप उठून बसले, टोपी मागितली, घड्याळाला चावी दिली आणि हॉलमध्ये तीन खुर्च्या मांडायला सांगितल्या. मला इतका आनंद झाला की तिसरी खुर्ची कशाला, हे विचारायचंच राहिलं. प्रत्येक मशीनला चार-चार मोसंबी, सारख्या वजनाची. पहिलं मशीन लावलं तर शेजारच्या कुमुदिनीकाकूंनी भिंतीपलीकडून विचारलं की उन्हाळ्याच्या आधीच बोअरिंग करताय का. अर्धा पेला रस आणि अर्धा पेला फेस निघाला, शिवाय छताला पाच थेंब लागले, ते बाबांनी मोजून कागदावर घेतले. दुसरं स्लो. ते खरंच शांत आहे, इतकं शांत की बाबा घड्याळ हातात धरून झोपले, आणि उठल्यावर 'कितने मिनिट' विचारलं तर आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. त्याचे आठ पार्ट मी धुतले, पुसले, तर नऊ भरले. नववा कशाचा ते उदयसिंहांनाही सांगता आलं नाही. तिसऱ्याच्या घुमटावर ज्ञानदीपनी मोसंबी अशी काही दाबली की साल पण आत गेली आणि रस कडू झाला. (फॅक्टरीत हा माणूस सेफ्टी शिकवतो.) बाबांनी तिन्ही पेले उजेडात धरले, वास घेतला, 'माल ठीक है' म्हणाले आणि पेले खाली ठेवले.

मी म्हटलं, बाबा, प्या ना. तर म्हणाले, बोर्डानं पास केल्याशिवाय माल वापरायचा नाही. मी म्हटलं, मग करा पास. तर म्हणाले, तीन सह्या लागतात, आणि तिसऱ्या खुर्चीकडे बघितलं. मग मला कळलं की ती कशाला मांडली होती. मी म्हटलं, दादाला व्हिडिओवर बोलावते. तर म्हणाले, मेंबर हजर असतो, टीव्हीवर नसतो. मी म्हटलं, ज्ञानदीप सही करतील. तर म्हणाले, ते स्वतःच ट्रायलवर आहेत.

तेव्हापासून, दादा, रोज सकाळी वंदना झाली की बोर्ड बसतं, रोज रस निघतो, रोज 'माल ठीक है' होतं आणि रोज बोर्ड पुढे ढकललं जातं. रस फेकवत नाही म्हणून मी पिते आणि ज्ञानदीप पितात. आजारी बाबा आहेत आणि वजन माझं अडीच किलोनं वाढलं. बँकेत सगळे विचारतात, मॅडम, काय खाता, चेहऱ्यावर ग्लो आलाय. चोथ्याची मी थालीपिठं लावून बघितली, तीही आम्हीच खाल्ली, आणि उरलेला चोथा ओल्या कचऱ्यात जातो. परवा कचऱ्याच्या गाडीवालीनं डबा उचलून विचारलं, 'दीदी, जूस की दुकान खोल ली क्या?' मी हसले आणि आत येऊन रडले, कारण बाबांचा काटा त्या सकाळी सत्तेचाळीसवर आला होता. पेज दोन घास घेतात, वरणाचं पाणी घेतात, आणि रसाला हात लावत नाहीत. हट्ट किती आणि भूक नाही किती, हे मला आता वेगळं करता येत नाही.

म्हणून मी एक काम केलं, ते तुला सांगितलंच पाहिजे. तुझी सही मी केली. तुझ्या राखीच्या ओवाळणीच्या जुन्या पाकिटावरून तीन दिवस सराव केला (बँकेत चोवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या खोट्या सह्या पकडते, हे लक्षात घे) आणि कागद बाबांपुढे ठेवला की दादानं कुरिअरनं पाठवला. बाबांनी तो बराच वेळ उजेडात धरला. मग म्हणाले, नागसेन सहीखाली दोन ठिपके देतो, तू एकच दिलास. मला वाटलं आता तोफ सुटणार. पण त्यांनी कागदाची नीट घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, सही चांगली जमली तुला, त्याच्यासारखीच तिरकी. आणि मग दिवसभर तो खिसा हातानं चाचपत होते.

तर दादा, तिन्ही मशिनं ओट्यावर आहेत, उदयसिंह बिचारे रोज नुसते नमस्कार करतात. फिरणाऱ्यात फेस आहे, स्लोमध्ये नऊ पार्ट आहेत, घुमटवाल्यात ज्ञानदीप आहेत. तुझ्या अनुभवाला धरून काय ते एका ओळीत कळव. वहिनीला सांग, लोणच्याची बरणी रिकामी झाली, ज्ञानदीपनी केली, बाबांना देत नाही. स्वानंदीच्या परीक्षेला आमच्या सगळ्यांच्या शुभेच्छा. तब्येतीला जप, आणि चष्मा फ्रिजवर बघ, तिथेच असतो.

तुझी धाकटी आणि बोर्डाची एकमेव हजर मेंबर,
धम्मदीना

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी एक राहिलं. काल बोर्डाचे जुने कागद काढायला बाबांची काळी पेटी उघडली. ते झोपले होते. तळाशी आईच्या मोतिया लुगड्याच्या तुकड्यात काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. दादा, ते तिचं मोसंबीयंत्र आहे. घासून लखलखीत ठेवलेलं, दांड्याच्या स्क्रूला तेल लावलेलं. मागे बघते तर बाबा जागे. म्हणाले, दुसऱ्याच दिवशी कबाड्याच्या मागे जाऊन आणलं. मी म्हटलं, बाबा, सहा वर्षं? सांगितलं का नाही? तर म्हणाले, तो विचारायला आला असता तर सांगितलं असतं. मी त्यांच्यावर इतकी चिडले की तिन्ही मशिनं परत धुऊन काढली, आणि मग तुझ्यावर चिडले, कारण तू विचारायला आला नाहीस. तुम्हा दोघांची ही पेटी उचलून माझी कंबर गेली आहे.

ता. क. २. मग त्यांनी यंत्र ओट्यावर मांडायला सांगितलं. हे मशीन जुनंच पास आहे म्हणे, याला बोर्ड नको. अर्धी मोसंबी ठेवली आणि स्वतः दांडा दाबायला गेले. दांडा अर्ध्यावर थांबला, दोन चमचे रस निघाला. तो प्याले, दादा. दोनच चमचे, पण प्याले. मी म्हटलं, मी दाबते. तर म्हणाले, तुझ्या हाताला घाई आहे, बी फुटते, रस कडू होतो. नागसेन हळू दाबतो, लहानपणापासून. तेव्हा पंपांच्या कारखान्यातल्या तज्ज्ञाचा सल्ला आता नको, माझा निर्णय झाला. घरी वापरायला स्लो ज्यूसरच चांगला. फक्त आमचा नागपुरात राहतो, तो पाठवून दे. रविवारी अकराला बोर्ड आहे. चौदा एप्रिलला पाच आठवडे उरले आहेत, आणि सत्तेचाळीसच्या खाली मला तो काटा बघायचा नाही.

ता. क. ३. रविवारच्या नावानं भलतं काही मनात आणू नकोस, बाबा अजून तुझ्यावर रागावलेले आहेत, मला तसं लिहायला सांगितलंय. आत्ताच विचारत होते, नागपूरची गाडी सकाळी किती वाजता लागते. मी म्हटलं, कशाला हवंय? म्हणाले, संत्री घ्यायला कुणीतरी स्टेशनवर गेलं पाहिजे. यंदाची संत्री जानेवारीतच आली आणि संपली, दादा. पेटीवरचं तुझं नाव त्यांनीच कापून जपून ठेवलं होतं.